शंभरपर्यंत

कापडाच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं, एवढंच झालं. दुकानदाराच्या हातून निसटलं असेल. तो स्वतःशीच हसला, शटर पुन्हा वर ढकललं, आणि बाजार होता तसा चालू राहिला. केशोराव गुरुजींनी आवाजाला दचकून बाजूला पाहिलं, तेव्हा त्यांना आपल्या मुलीचे ओठ दिसले. ओठ हलत होते. एकेचाळीस वर्षांची बाई, नागपूरच्या सरकारी दवाखान्यातली वॉर्डाची मोठी सिस्टर, खांद्याला पर्स, हातात मोबाइल, आणि ती भर बाजारात रस्त्याच्या कडेला उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. छत्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांसमोर उभा राहिलेला माणूस ओठ वाचायला शिकतोच. मागच्या ओळीतलं पोर खरंच पाढा म्हणतंय की नुसतंच तोंड हलवतंय, हे त्यांना फळ्याजवळून कळायचं. चेतना अंक मोजत होती. सहा, सात, आठ. अकरापर्यंत गेली, मग तिचं तिलाच कळलं असावं. तिनं ओठ मिटले आणि म्हणाली, "चला ना बाबूजी, काऊन थांबले?"

"काही नाही, गाडी येऊन राहिली होती," गुरुजी म्हणाले. गाडी येत नव्हती. उलट मघाशीच चौकात एक मोठी पांढरी गाडी पट्ट्यांपाशी आपण होऊन थांबली होती, आतल्या पोरानं हातानं खूण केली होती, निकलो अंकल. आणि गुरुजींनी मोठ्या आशेनं चेतनाकडे पाहिलं होतं, तिनं ते पाहिलं का म्हणून. गोंदियात पायी चालणाऱ्या म्हाताऱ्यासाठी गाडी थांबते, हे त्यांना तिला दाखवायचं होतं. आज सकाळपासून ते दाखवतच होते. पाठ घेण्याआधी टाचण काढावं तसा त्यांनी रात्री अंथरुणात पडल्यापडल्या रस्ता ठरवला होता: आधी रेलटोलीकडून यायचं, मग नवे दिवे लावलेला रस्ता, मग अभ्यासिका, जिथं पोरी रात्री नऊपर्यंत बसतात आणि सायकलीवर एकट्या घरी जातात, मग बाग. चेतनाला विनंती बदलीचा अर्ज भरायचा होता. गोंदियाची जागा रिकामी होती. जावई ओमेश वर्षातले आठ महिने कामासाठी बाहेर, नात रेणू यंदा दहावीला. पुढचं कॉलेज इथंही करता आलं असतं. अर्ज मोबाइलवरूनच भरायचा होता आणि आज संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. काल आल्यावर ती एवढंच म्हणाली होती, उद्या मला शहर दाखवा, मग बघते. पत्नी सुशिलाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं गुरुजी एका माणसाचा भात शिजवत होते. एका माणसाचा भात नीट शिजत नाही. एक तर करपतो, नाही तर उरतो.

पण आता ते चालत होते आणि त्यांना नवे दिवे दिसत नव्हते. ती मोजते अजून, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. तीस वर्षांत ती कितीदा येऊन गेली, आईच्या आजारपणात तर सलग महिनाभर राहिली. कुठं भांडं पडलं, कुठं फटाका वाजला, आणि तिनं मोजलं असेल, आणि त्यांनी ओठांकडे पाहिलं नसेल. की पाहिलं असेल आणि दुसरीकडे मान वळवली असेल? त्यांना सांगता आलं नाही.

गुरुजी सालेकशाकडच्या गावातून गोंदियाला आले तेव्हा शहराची ख्याती तांदळाची होती आणि चाकूची होती. कोणी नातेवाईक भेटला की विचारायचा, गोंदियात राहता? कसे राहता बापा? सट्ट्याच्या दोन टोळ्या होत्या, आणखी दोन रेल्वेच्या मालावर जगणाऱ्या होत्या, आणि त्यांचं आपसात कशावरून बिनसायचं ते त्यांनाही नंतर आठवत नसे. चौकात धावपळ झाली की शटरं पडायची. एक पडलं की दुसरं, मग तिसरं, आवाज असा दुकानादुकानांतून सरकत गल्लीपर्यंत यायचा, आणि गल्लीत तो दारांचा आवाज व्हायचा. कोणी कोणाला काही सांगायचं नाही. ज्याचं दार शेवटी लागेल तो बावळट. पंधरा-वीस मिनिटांनी कोणीतरी एक दार किलकिलं करायचा आणि मग पुन्हा सगळं सुरू. बाया पाण्याला निघायच्या, भजी तळली जायची. लोक त्याला इतके सरावले होते की त्यात आपण काही करतो आहोत असं कोणाला वाटत नसे. पाऊस आला की वाळवण आत घेतो, तसं.

ही रीत होतीच. गुरुजींनी फक्त ती पोरांना शिकवली. एकदा असंच मारामारीचं लोण शाळेच्या मैदानावरून गेलं आणि दुसरीतलं एक पोर घाबरून वर्गातून बाहेर पळालं. सोड्याच्या बाटलीनं त्याचं कपाळ फुटलं. त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत. घाबरलेल्या मुलाला गप्प बस म्हटलं तर ते गप्प बसत नाही, त्याला हाताशी काम द्यावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी काम दिलं. आवाज आला की दार लावायचं. कडी घालायची. भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसायचं. आणि शंभरपर्यंत अंक म्हणायचे, सावकाश, एकही न गाळता. शंभर होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, काही विचारायचं नाही, कोणाचं नाव घ्यायचं नाही. त्यांनी ते न रागावता, हसतखेळत शिकवलं. दर शनिवारी सराव घेतला. शिट्टी वाजवली की साठ पोरं भिंतीला चिकटायची आणि मधमाश्यांसारखी गुणगुणायला लागायची. ज्यांना पन्नासच्या पुढे अंक येत नव्हते तेही त्या भीतीच्या निमित्तानं शंभरपर्यंत शिकले. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात चार ओळी चांगल्या लिहिल्या. आणि घरी चेतना तर सगळ्यांत हुशार. ती शंभर अंक इतके एका लयीत म्हणायची की सुशिलाबाई म्हणत, माझ्या भाताची शिटी तुझ्या गिनतीवर ठेवते.

"गुरुजी! ओ गुरुजी! असे कसे चालले सीधे? हमारा हॉटेल दिसत नाही काय?" भुपेंद्रनं गल्ल्यावरून उठून हाक मारली. त्याच्या हॉटेलासमोर समोशांची परात होती आणि गरम जिलबीचा वास. हा भुपेंद्र दुसरीत तीन वर्षं बसला होता. आता त्याचं पोट टेबलाला लागत होतं आणि मुलगी इंजिनिअर होती.

"साखर आहे मला, भुपेंद्र."

"तो चहा फिका घ्या. दीदी, तुम्ही बसा. किती सालानं दिसून राहिल्या! या ना आता इकडेच. गोंदिया आता पहिलेवाला नाही राहिला. आमच्या वक्ताला पाच वाजता दुकान बंद करा लागे, आता रातचे ग्यारा वाजले तरी पब्लिक जात नाही. पुण्याहून पाव्हणे येते, म्हणते, तुमच्या इथं किती शांती आहे!"

"हो, दिसून राहिलं," चेतना म्हणाली.

"आणि ते सगळे दादा लोक कुठं गेले माहीत आहे काय? अर्धे मेले, अर्धे ठेकेदार झाले. एक तर रोज सकाळी बागेत हास्य क्लबात येते. हात वर करून हा हा हा करते. मी सांगितलं त्याले, दादा, तुमच्या चाकूपेक्षा तुमचं हसू डेंजर आहे." भुपेंद्र स्वतःच खदखदून हसला. मग चहा पुढे सरकवत म्हणाला, "पण दीदी, गुरुजीची गिनती नाही भुललो. एक दोन तीन चार, भिंतीले पाठ. त्याच्याच भरोशावर मी शंभरपर्यंत शिकलो, कसम से. माझ्या पोरीलेही शिकवली. तिले काही कामच नाही पडलं त्याचं, पण शिकवली."

गुरुजींनी कपात पाहिलं. चेतना अगदी साध्या आवाजात म्हणाली, जसं काही ती जिलबीचा भाव विचारते आहे, "शंभर झाल्यावर काय करायचं ते शिकवलं का तिला?"

"शंभर झाल्यावर? ते तर... शंभर झाले का झालं ना."

बागेत उतरत्या दुपारचं कोवळं ऊन होतं. गोंदियाची डिसेंबरची थंडी ऊन असतानाही सावलीत दबा धरून बसते. चालायच्या वाटेवर लाल फरशी होती, कचऱ्याचे डबे हिरवे आणि निळे, आणि बाकांवर कोणी देणाऱ्याचं नाव कोरलेलं. गुरुजींनी ऊन आलेला बाक निवडला. हेच शेवटचं दाखवायचं होतं. इथं आल्यावर ते म्हणणार होते, बघ, आधी इथं गांजा ओढणारे बसायचे, आता म्हाताऱ्या बाया बसतात. ते वाक्य तयार होतं, पण तोंडाबाहेर निघेना. त्याच्या जागी एक दुपार येऊन बसली होती.

तीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्याची. सुशिलाबाई माहेरच्या लग्नाला गेलेल्या. शाळेला सुट्टी. दोन-अडीचचा सुमार, डांबर वितळेल असं ऊन. गल्लीतली दारं उन्हासाठीच लोटलेली. चेतना जमिनीवर ओलं फडकं अंथरून त्यावर पालथी पडून चित्र काढत होती, सायकलचं. तिला त्याच महिन्यात सायकल यायला लागली होती. कोपऱ्यावर हिरालाल भाड्यानं लहान सायकली द्यायचा, पंक्चर काढायचा, आणि ज्या पोरांना येत नाही त्यांच्यामागे कॅरिअर धरून मैदानभर धावायचा. मोठा माणूस, वयानं गुरुजींच्या आसपास, पण पोरांमागे धावायला त्याला लाज नव्हती. छत्तीसगडकडचा. "पैडल मार बिटिया, पैडल मार, नीचे मत देख." बोलताना बिटियातल्या बि वर जरा अडखळायचा. चेतना पहिल्यांदा एकटी चालवायला लागली तेव्हा त्यानं मैदानात उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दुपारच्या आदल्या आठवड्यात बाजारात कोणाला तरी भोसकलं होतं, आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा सगळ्या बाजारानं पाठ वळवलेली असताना हिरालालनं नाव सांगितलं होतं. विचारलं तर सांगितलं, असं तो म्हणाला. त्याला त्यात काही मोठं वाटलं नव्हतं.

आधी चपलांचा पळण्याचा आवाज आला. मग एक दार लागलं, मग दुसरं. गुरुजी उठले, दार लावलं, कडी घातली. चेतना सांगावं न लागता धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली, भिंतीला पाठ. एक, दोन, तीन. मग दाराच्या खालच्या फळीवर हात आपटल्याचा आवाज झाला. मुठीचा नाही, पंजाचा. ओला. आणि आवाज आला, "पानी." पुन्हा, "पानी... बि... बिटिया, पानी." गुरुजी दाराशी उभे होते. दार जुन्या सागवानाचं, फळ्यांमध्ये बोटभर फट. "कोणी दारुडा आहे," ते मागे न पाहता म्हणाले. "मोज तू." ती मोजत राहिली. पंजा आपटत राहिला, आधी भराभरा, मग अंतरानं. "शंभर झाले, बाबूजी." ते म्हणाले, "पुन्हा म्हण." तिनं पुन्हा म्हटले. "शंभर झाले." "पुन्हा म्हण, बेटा."

किती वेळा, ते त्यांनी मोजलं नव्हतं. चार वाजता पोलीस आले तेव्हा उंबऱ्याबाहेरचं काळं पडलेलं रक्त कोणीतरी वाळूनं झाकलेलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरानं एकच सांगितलं, आम्ही झोपलो होतो. अख्खी गल्ली त्या दुपारी झोपली होती. गुरुजींनीही तेच सांगितलं, आणि चेतना त्यांचा हात धरून बाजूला उभी होती, आणि तिनं काही म्हटलं नाही. जूनमध्ये त्यांनी तिला नागपूरला बहिणीकडे शिकायला ठेवलं. शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला; शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात लिहिलं, पालकांच्या इच्छेवरून. सुशिलाबाई रडल्या, भांडल्या, अकरा वर्षांची पोर घराबाहेर कायले काढता म्हणाल्या. ते म्हणाले, हे शहर राहण्यासारखं नाही. मग हेच वाक्य ते पुढं सगळ्यांना सांगत राहिले, आणि ते खरंही होतं, त्यामुळे सांगायला जड गेलं नाही. पुढे गोंदिया जिल्हा झाला, मोठे साहेब येऊन बसले, रस्ते रुंद झाले, टोळ्या आपोआप विझत गेल्या. शहर एकेक पायरीनं चांगलं होत गेलं, आणि प्रत्येक पायरीला गुरुजींना वाटलं, आता तिला बोलावता येईल.

"बाबूजी, मी अर्ज भरून ठेवला आहे," चेतना म्हणाली. "रात्रीच भरला. नुसतं बटण दाबायचं आहे."

गुरुजींना आधी अर्थच कळला नाही. मग त्यांनी बाकाची कड धरली. "मग? दाब ना."

"दाबते. यायचं आहे मला. रेणूशी पण बोलले." तिनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "पण त्याच्या आधी तुम्हाला एक सांगायचं आहे. आईलाही नाही सांगितलं कधी. ते ऐकून तुम्हीच म्हणाल, नको येऊ."

"असं काय बोलतेस?"

ती समोर बघत होती. झोपाळ्यावर दोन बाया आपापल्या नातवंडांना झोके देत होत्या. "त्या दिवशी दारात होता ना, तो दारुडा नव्हता. हिरालालकाका होते." ती थांबली, आणि पुढं बोलली तेव्हा तिचं नागपूरचं बोलणं सुटून गेलं होतं. "मले पहिलेच समजलं होतं बाबूजी. ते बिटिया म्हणत ना, तसं दुसरं कोणी म्हणत नाही. तुम्हाले कसं समजणार, तुम्ही कधी मैदानावर आले नव्हते. तुम्ही म्हणाले दारुडा आहे, आणि मले माहीत होतं का तो दारुडा नाही. मी सांगितलं असतं तर तुम्ही दार उघडलं असतं. पण शंभर होईपर्यंत नाव घ्यायचं नाही ना. मग शंभर झाले, आणि मी नाव घेणार होती, तर तुम्ही म्हणाले पुन्हा म्हण. मी मोजत राहिली. मोठ्यानं मोजलं. आवाज ऐकू येऊ नये म्हणून मोठ्यानं." तिनं पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही, वॉर्डात नातेवाइकांना सांगतात तसं सांगत होती. "सातव्या वेळी बासष्टवर आवाज बंद झाला. तुम्ही मला नागपूरला पाठवलं तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलं. कोणीतरी सांगितलं तुम्हाला की तो हिरालालकाका होता, आणि चेतनाला माहीत असून ती बोलली नाही. म्हणून काढलं घरातून. पण तुम्ही रागावत नव्हते, कधीच नाही. मग मला ते अजूनच... नर्सिंगला गेले तेही... जाऊ द्या. सांगून टाकलं. तुम्ही चांगलं माणूस आहा, बाबूजी. तुम्ही उघडलं असतं."

गुरुजी ऐकत होते. त्यांचं शरीर बाकावर होतं आणि त्यांना ते फार दूर, फार लहान दिसत होतं. तीस वर्षं. त्यांना वाटलं होतं, ती विसरली असेल; काही रात्री वाटलं होतं, तिला सगळं कळलं आहे आणि ती त्यांना माफ करत नाही. हे तिसरं त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. एवढं हुशार पोर, आणि उदाहरण चुकीचं मांडून तीस वर्षं सोडवत बसलं होतं. आता फक्त एक वाक्य हवं होतं, आणि ते वाक्य तोंडाशी तयार होतं: तू लहान होतीस बेटा, तुझी काही चूक नाही. खरंच होतं ते वाक्य. तेवढं म्हटलं असतं की ती रडली असती, हलकी झाली असती, बटण दाबलं असतं. जूनपासून घरात तीन ताटं. सकाळी ड्यूटीला निघताना तिचा आवाज, रेणूची पुस्तकं धान्याच्या कोठीवर पसरलेली. तिच्या मनात ते शेवटपर्यंत दार उघडणारा माणूस राहिले असते. त्यांनी डोळे मिटले आणि ते घर पाहिलं, अगदी ताटातल्या भाताच्या वाफेसकट. आणि त्यांना दिसलं की त्या घरात कुठं भांडं पडलं की ती मोजेल. आपण चांगल्या माणसाजवळ राहतो आणि त्याला आपण त्या दिवशी अडवलं, म्हणून मोजेल. त्यांच्या शेजारच्या खोलीत.

छत्तीस वर्षांत त्यांनी एका पोराची चूक दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली नव्हती.

"चेतना," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

"काय?"

"हिरालाल आहे ते. मी दारुडा म्हणायच्या आधीच. फटीतून दिसलं मला. हाताला ग्रीस होतं. निळा शर्ट. त्यानं वर पाहिलं... फटीकडेच पाहिलं. त्याला माहीत होतं मी उभा आहे."

ती वळून त्यांच्याकडे बघायला लागली. ते तिच्याकडे बघू शकले नाहीत. "नळापाशी मारणारे दोघं उभे होते," ते म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं, होते का? इतकी वर्षं त्यांनी ते दोघं नळापाशी उभे ठेवले होते, आता त्यांचे चेहरेही त्यांना सांगता आले असते, पण त्या दुपारी फटीतून नळ दिसत तरी होता का? "नाही. ते मला नक्की सांगता येत नाही. भ्यालो होतो. एवढंच नक्की आहे."

"मग मला मोजायला कायले लावलं?" तिनं हळूच विचारलं. "पुन्हा पुन्हा? शंभर तर झाले होते."

हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. उत्तर मात्र जागच्या जागी होतं. "तू नाव घेऊ नये म्हणून," गुरुजी म्हणाले. "तू नाव घेतलं असतं तर मला उघडावं लागलं असतं."

झोपाळ्यावरच्या बाया नातवंडांना घेऊन गेल्या. ऊन बाकावरून उतरून फरशीवर गेलं, मग गवतावर. चेतनाच्या मांडीवर मोबाइल पालथाच होता. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर गुरुजींनी तो घेतला असता. तिथं राग नव्हता. एखाद्या घरात तीस वर्षं भाडं भरत राहावं आणि मग कळावं की ते घर कोणा दुसऱ्याचंच होतं, तसं काहीतरी ती बघत होती. एकदा ती म्हणाली, "मी किती लहान होते," आणि ते त्यांना उद्देशून नव्हतं. एकदा तिनं हात उचलला. गुरुजींना वाटलं त्यांच्या खांद्यावर ठेवेल, पण तिनं स्वतःच्याच दंडावर ठेवला, थंडी वाजल्यासारखा. वाटेवरचे दिवे आपोआप लागले, सगळे एकदम, तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वापाच झाले होते. तिनंही पाहिलं. मोबाइल तिनं न उघडताच पर्समध्ये टाकला.

"सहाची गाडी मिळेल मला," ती उठत म्हणाली.

"बॅग घरी आहे तुझी."

"राहू द्या. पुन्हा कधी."

ई-रिक्षावाल्यानं गुरुजींना हात देऊन चढवलं, स्टेशनवर हात देऊन उतरवलं, सुटे नव्हते तर नंतर द्या म्हणाला. फलाट धुतलेला होता. गाडी लागलेलीच होती. चेतनानं खिडकीत जागा धरून ठेवली आणि पुन्हा खाली उतरली, कारण निरोप घ्यायचा राहिला होता. त्यांच्या घरात मुलीनं बापाच्या पाया पडायचं नसतं. मुलगी निघते तेव्हा बाप तिच्या पाया पडतो. लग्न झाल्यापासून प्रत्येक वेळी गुरुजी वाकायला लागले की चेतना अर्ध्यातच त्यांचे दंड धरायची, गुडघे बघा आपले, राहू द्या, म्हणायची, आणि रीत तेवढ्यावर पुरी व्हायची. आज गुरुजी वाकले. अर्ध्यात आले. दंडाला हात लागला नाही. ते आणखी वाकले, एक गुडघा फरशीला टेकला, मग दुसरा, आणि त्यांची बोटं तिच्या सँडलच्या पट्ट्यावर, पायावर टेकली. पाय थंड होता. तो मागे सरकला नाही. गुरुजींना मान वर करवेना. मग शिट्टी झाली. पाय त्यांच्या बोटांखालून हलकेच निघाला, अगदी सांभाळून, झोपलेल्या मुलाखालून हात काढतात तसा. गाडी सुटली. डबे त्यांच्या डोक्यावरून एकामागून एक उजेड फेकत गेले.

ते तिथंच होते. उठायचं कसं, ते गुडघ्यांना आठवत नव्हतं.

"अंकल? क्या हुआ?" एक कॉलेजातला मुलगा वाकला. "काही पडलं काय?" मागून एक बाई आली, तिनं पाण्याची बाटली उघडून धरली. "चष्मा पडला वाटते. का दात?" "चाबी असेल ना." एका हमालानं त्यांना काखेत हात घालून उचललं, बाकावर बसवलं, धोतराची धूळ झटकली. गुरुजी नाही, नाही, म्हणत होते, पण आवाज फुटत नव्हता. मुलानं मोबाइलची बत्ती लावली आणि तो बाकाखाली शोधायला लागला. ते पाहून आणखी दोघांनी लावली. फलाटाच्या कडेला, खांबामागं, रुळांच्या दिशेनं, चार-पाच अनोळखी माणसं वाकून शोधत होती, एकमेकांना इकडे बघा, इकडे बघा, म्हणत होती, आणि बाई पुन्हा पुन्हा प्रेमानं विचारत होती, "काय होतं बाबा, सांगा तरी. आम्ही शोधून देतो ना."